सहा फूट पाचोळा: जेल रोडच्या एका परसदारातला हिवाळा

नाशकात कुणाला सांगितलं की मामाच्या परसदारात थंडीचे पाहुणे येतात, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बिबट्या का?" दारणा-कादवा नद्यांकाठच्या उसातून बिबटे फिरतात, अधूनमधून शहरातही शिरतात, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. पण हे प्रकरण बिबट्याचं नाही. पंधरा-वीस ग्रॅमच्या पक्ष्यांचं आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मामीचं आहे, आणि रोज सकाळी साडेसहाला खराटा हातात घेणाऱ्या नानांचं तर आहेच.

नाना म्हणजे माझे थोरले मामा. नाशिक रोडच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त. घर जेल रोडच्या जुन्या कॉलनीत, दसकच्या बाजूला, गोदावरीपासून चालत दहा मिनिटांवर. मागे साधारण तीस बाय वीस फुटांचं परसदार, तीन बाजूंनी पाच फुटी भिंत. एक पेरू, एक शेवगा, लिंबू, कढीपत्ता, जास्वंदीची दोन झुडपं आणि कोपऱ्यात कुणी न लावता वाढलेला अडुळसा. मागच्या खोलीची एकच खिडकी या सगळ्यावर उघडते. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि रविवारी तिकडे जेवायला असते, एवढाच माझा या प्रकरणातला अधिकार.

पहिला हिवाळा: शेव, भात आणि चाळीस कबुतरं

२०२३ च्या दिवाळीनंतर मामीचा गुडघा फारच दुखायला लागला. बाहेर जाणं बंद झालं. तिला खिडकीत बसून काहीतरी बघायला मिळावं म्हणून नानांनी पक्ष्यांना खायला घालायला सुरुवात केली. रात्रीचा उरलेला भात, पोळीचे तुकडे, फराळातली शेव, वर मूठभर बाजरी. धुण्याच्या दगडावर सगळं मांडायचं आणि आत येऊन, "अगं, बघ आता येतील," म्हणून सांगायचं.

आले. पहिल्या आठवड्यात तीन कबुतरं, महिन्याभरात चाळीस. कावळे आले, साळुंक्या आल्या, कुणाचंतरी पांढरं मांजर येऊन भिंतीवर बसायला लागलं. कबुतरांनी शेजाऱ्यांच्या गच्चीवरचे सोलरचे पॅनेल रंगवले. जानेवारीत भिंतीच्या पायाशी घुशीची दोन बिळं दिसली, आणि फेब्रुवारीत त्या घुशींच्या मागावर एक धामण. चांगली सहा फुटी. गल्लीतले दोघे काठ्या घेऊन आले तेव्हा नाना आडवे उभे राहिले, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. धामण बिनविषारी, तिला मारणं गुन्हा, शिवाय ती आमचंच काम करत होती. सर्पमित्र येऊन तिला घेऊन गेला. घुशी मात्र राहिल्या.

हेतूवर शंका नाही. गणित चुकलं होतं. थंडीत पक्ष्यांना खाऊ घालायची कल्पना मूळची बर्फाच्या मुलखातली. तिथे जमीन गोठते, किडे दिसेनासे होतात, दिवस सात-आठ तासांचा उरतो, आणि चार दाणे मिळाले नाहीत तर चिमुकला पक्षी रात्र काढू शकत नाही. आपल्याकडे निफाडचा पारा पाच-सहावर गेला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते खरी, पण दुपारी तोच पारा सत्तावीस-अठ्ठावीसवर असतो. जमीन गोठत नाही. पेरू तर थंडीतच पिकतो. त्या बर्फाच्या मुलखातले कित्येक पक्षी इथे येतात ते आपल्याकडचे किडे मिळतात म्हणूनच. त्यांना शेव कशाला हवी? शेव हवी असते कबुतराला. आणि कबुतरांचं खाणं किती लांब जाऊ शकतं ते २०२५ साली मुंबईतल्या कबुतरखान्यांनी थेट हायकोर्टापर्यंत दाखवलंच. विष्ठेची धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार खरा आहे. साठीपुढच्या दोन माणसांच्या खिडकीखाली चाळीस कबुतरं हा मला तरी थट्टेचा विषय वाटत नाही.

मार्चमध्ये नानांनी खाणं घालणं बंद केलं. पंधरा दिवस कबुतरं भिंतीवर रांगेत बसून खिडकीकडे बघत राहिली, मामीला म्हणे अपराधी वाटायचं. मग पांगली.

दुसरा हिवाळा: खराट्याशी तह

मामीचं ऑपरेशन झालं नोव्हेंबर २०२४ मध्ये, नेमकं पक्षी सप्ताहात. ५ नोव्हेंबर हा वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा, म्हणून आपल्याकडे त्या आठवड्याला ते नाव. कॉलेजात मी पोस्टर लावत होते आणि इकडे मामी वॉकर घेऊन चार पावलं टाकत होती. डॉक्टरांनी तीन महिने जपायला सांगितलेलं. खिडकीतली खुर्ची पुन्हा आली.

या वेळी नानांनी मलाच विचारलं, काय करू. मी म्हटलं, "नाना, झाडू नका."

याला जवळजवळ दोन रविवार लागले. प्रेसची शिस्त चाळीस वर्षांची, अंगण आरशासारखं पाहिजे, आणि गोळा केलेला पाचोळा भिंतीशी पेटवून त्यावर हात शेकत चहा प्यायचा हा त्यांचा थंडीतला सोहळा. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार मनाई आहे हे सांगून पाहिलं. "गल्लीत सगळेच जाळतात," असं उत्तर आलं. मग मी त्यांना उकिडवं बसवून अडुळशाखालचा मूठभर ओला पाचोळा उचलून वर्तमानपत्रावर झटकून दाखवला. दोन कोळी, एक पैसा किडा, वाळवीचे चार-पाच जीव, मुंग्या, आणि एका पानाला चिकटलेला कसलातरी पांढरा कोष. नाना चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले. "हे सगळं मी रोज जाळत होतो?"

तह असा झाला: पुढचं अंगण आणि धुण्याच्या दगडाची बाजू रोज झाडायची. मागच्या भिंतीलगतचा सहा फुटांचा पट्टा तसाच सोडायचा, त्याला हात लावायचा नाही. नानांनी लगेच विटांची ओळ लावून सीमा आखली. त्यांच्या मते नियम असेल तर रेघ हवी. आजतागायत ते विटेच्या अलीकडचं पान उचलून पलीकडे टाकतात.

लिंबावर महिन्याला होणारी फवारणीही त्याच बोलण्यात थांबली. लिंबाची पानं कुरतडणारी ती अळी, लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी, तिचंच पुढे लिंबाळं फुलपाखरू होतं. एरवी मामी तिला चिमट्यात धरून पायाखाली घ्यायची. या वर्षी तिचं उठणंच बंद, त्यामुळे अळ्या वाचल्या. डिसेंबरात कढीपत्त्याच्या काडीवर एक हिरवा कोष दिसला, कमरेला बारीक रेशमी दोरा बांधून काडीला टेकलेला, जसा विजेच्या खांबावर चढलेला वायरमन पट्ट्याला रेलतो. थंडीत कोषातला मुक्काम लांबतो. मामी त्याच्यावर डोळा ठेवून होती, पण फुलपाखरू निघालं ते नेमकं फिजिओथेरपीच्या वेळेत.

पाणी

खाण्यापेक्षा पाण्याने जास्त काम केलं. शेवटचा पाऊस ऑक्टोबरात, त्यानंतर नाशकातला हिवाळा कोरडा ठणठणीत. कुंडीखाली ठेवतात ती मातीची पसरट थाळी घेतली, पाणी बोटाच्या दीड पेराएवढं, मधे एक खडबडीत दगड. यापेक्षा खोल भांड्यात छोटा पक्षी उतरत नाही. जागा पहिल्यांदा चुकली. अडुळशाला अगदी खेटून ठेवली तर मांजर आत दबा धरून बसलं. मग झुडपापासून सहा-सात फूट पुढे, खुर्चीतून दिसेल अशी आणली. पक्ष्याला उडून झुडपात शिरता येतं आणि मांजराला तेवढं अंतर उघड्यावरून यावं लागतं.

मामीची हरकत डासांची होती, आणि ती रास्त होती. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात वाढतो. पण अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. रोज पाणी बदललं आणि थाळीची कड काथ्याने घासली तर प्रश्न मिटतो. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं ओतून दिलं तर तिथेच राहतात.

खरी युक्ती मावसभावाची. त्याची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. कडाक्याच्या थंडीत मणी तडकू नयेत म्हणून हे लोक पहाटे बागेत शेकोट्या करतात, ठिबक चालू करतात, झोप अशी नसतेच. त्याने ठिबकच्या जुन्या नळीचा हातभर तुकडा आणि एक ड्रिपर आणून दिला. पेरूच्या फांदीला बादली टांगली, तळाशी नळी जोडली. बादलीचा दाब तो केवढा, त्यामुळे थेंब सावकाश पडतो. टप्. टप्. थाळीतलं पाणी हलतं, चमकतं, आवाज होतो. नुसती थाळी असताना दिवसाला पाच-सहा पक्षी यायचे, थेंब सुरू झाल्यावर लालबुड्या बुलबुल रांगा लावायला लागले.

काजळ आणि गेरू

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मामीचा फोन आला. "अगं, विटेवर एक बसलाय. डोक्यापासून छातीपर्यंत काजळ आणि खाली गेरू. आणि शेपूट कशी थरथरते बघ, आत्ता वाजवून सोडलेल्या तारेसारखी."

थिरथिरा. पूर्ण नाव कृष्ण थिरथिरा, आणि नाव ठेवणाऱ्याने मामीसारखंच नीट बघितलेलं असणार. हिमालय आणि मध्य आशियाच्या उंच भागातून ऑक्टोबरात आपल्याकडे उतरतो. नर काळा आणि तांबूस, मादी मातकट, शेपटीची कड मात्र दोघांची तांबूस. बुटक्या जागेवर बसायचं, शेपूट थरथरवायची, मान झुकवायची, जमिनीवर किडा दिसला की झेप, पुन्हा जागेवर. हिवाळ्याची जागा तो धरून ठेवतो, दुसऱ्या थिरथिऱ्याला फिरकू देत नाही. माझा अंदाज, तो ऑक्टोबरपासून कॉलनीत होताच. आमच्या झाडलेल्या अंगणात उतरायला त्याला कारण नव्हतं.

मामीने त्याच्याकडून एक गोष्ट शिकली, जी मला पंधरा वर्षं पक्षी बघूनही सुचली नव्हती. पक्षी बघायला पहाटे जायचं ही आमची जुनी समजूत. या परसदारात थंडीत आठपर्यंत काहीच घडत नाही. मग ऊन पश्चिमेच्या भिंतीवर पडतं, तिथून पेरूच्या बुंध्यावर, तिथून पाचोळ्यावर उतरतं. ऊन पोचेल तिथले किडे हलायला लागतात, आणि थिरथिरा बरोबर त्या उन्हाच्या कडेने सरकतो. सव्वाआठला भिंतीवर, पाऊण तासाने विटेवर. मामी म्हणायची, घड्याळ कशाला बघायचं. चहा घेऊन साडेआठला बसलं तरी काही चुकत नाही, हे आजारी माणसाच्या पथ्यावर पडलं.

त्याच्या मागोमाग बाकीचे उलगडत गेले. सातभाई कलकल करत यायचे आणि पाचोळा उलटापालटा करून जायचे. दयाळ. पाण्याच्या टाकीच्या गळक्या जागेशी शेपूट वरखाली करणारा करडा धोबी. लाल छातीचा माशीमार, हा आधी फक्त ऐकू यायचा, शेवग्यात कुणी काड्यापेटी खुळखुळवल्यासारखा. शेपूट वर उचलली की बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. पोपटांसाठी नानांनी शेंड्यावरचे पेरू सोडले. सोडले म्हणजे तिथवर हात पोचत नव्हता, पण मामीच्या नोंदींच्या वहीत "सोडले" असं आहे. खारीने पायपुसण्यातला काथ्या ओढून नेला, निम्मं पायपुसणं संपवलं.

जास्वंदीवरचा शिंजीर हा मामीचा आणि माझा वादाचा विषय. तिच्या वहीत डिसेंबरात "मळकट, गळ्यावर काळी पट्टी" असा एक, आणि फेब्रुवारीत "चमकता जांभळा-काळा" असा दुसरा. दोन जाती म्हणून दोन ओळी. प्रत्यक्षात दोन्ही जांभळा शिंजीरच. विणीचा हंगाम संपला की नर मळकट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टी तेवढी उरते, आणि पुढच्या हंगामाआधी हळूहळू झळाळी परत येते. जानेवारीत अर्धा मळका अर्धा चमकता असा दिसला तेव्हा तिने मान्य केलं. ओळ मात्र खोडली नाही.

झळाळी आली तशी खुमखुमीही आली. नानांच्या ॲक्टिव्हाच्या आरशात दुसरा शिंजीर दिसायचा आणि हा त्याला दिवसभर टोचत बसायचा, आरशावर चोचीचे ओरखडे. शेवटी दोन्ही आरशांना नातवाचे जुने पायमोजे घातले. नाना भाजी आणायला तसेच गेले होते एकदा.

मांजा

१४ जानेवारी, संक्रांत. हा भाग थोडक्यातच सांगते, कारण आनंदाचा नाही. नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी दर वर्षी आकाशात तोच असतो. १६ तारखेला सकाळी शेवग्यात एक साळुंकी उलटी लटकलेली होती, पंख कापलेला. नानांनी शिडी लावून उतरवली, खोक्यात ठेवली, दुपारपर्यंत गेली. मामीने त्या दिवशी पडदा लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी नानांनी बांबूला आकडी बांधून आमचा शेवगा, शेजारचा आंबा आणि गल्लीतल्या तारांपासून लांबची झाडं अशी सगळी धुंडाळली. दोन मुठींत मावणार नाही एवढा गुंता निघाला. तो त्यांनी कात्रीने बोटभर तुकडे करून मग कचऱ्यात टाकला, सबंध टाकला तर डेपोवर घारी-बगळ्यांच्या पायात जाणार. सुती दोरा पावसाळ्यात कुजतो, नायलॉनचा पुढच्या संक्रांतीपर्यंत फांदीवर राहतो. त्यामुळे हे काम सणाच्या दुसऱ्याच दिवशी करायचं.

मोजणी

फेब्रुवारीत जगभर चार दिवस परसातल्या पक्ष्यांची गणना होते, भारत त्यात २०१३ पासून आहे. २०२५ मध्ये ती १४ ते १७ फेब्रुवारीला होती. किमान पंधरा मिनिटं एका जागी बघायचं आणि दिसलेल्यांची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. बस. हे खुर्चीतून होतं हे कळल्यावर मामीने अंगावर नवी शाल घेतली.

पहिल्या दिवशी तिने साळुंक्या तेवीस लिहिल्या. मी विचारलं, "मामी, एवढ्या कुठे होत्या?" तर त्याच चार येऊन-जाऊन मोजल्या होत्या. एका वेळी जास्तीत जास्त किती दिसल्या तोच आकडा धरायचा असं ठरलं. मग नानांनी रकाने आखून दिले. चार दिवसांत सतरा जाती. आकडा मोठा नाही. नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात, महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) ते, तासाभरात याच्या दुप्पट सहज होतात. पण तिथपर्यंत मामीला गाडीत बसून जाता येत नव्हतं, आणि तिथला थिरथिरा तिच्या ओळखीचा नव्हता.

अजून चालू असलेल्या कटकटी

घुशी गेलेल्या नाहीत. एक बीळ बुजवलं की हातभर अंतरावर दुसरं निघतं. खाणं बंद झाल्यापासून वाढल्या नाहीत एवढंच. शेवग्यावर पिंगळ्यांची जोडी दिवसा उन्हाला बसायला लागलीय. मामीला पिंगळ्याचं घरासमोर बोलणं आवडत नाही, तिच्या माहेरी ते अशुभ मानत. पिंगळा उंदरांची पिल्लंही उचलतो हे ऐकल्यावर ती म्हणाली, "मग बोलू दे, पण रात्री नको." पलीकडच्या शेजाऱ्यांना पाचोळा म्हणजे विंचवाचं घर वाटतं. त्यांना मी खोटं सांगू शकत नाही, विंचू पाचोळ्यात असू शकतो. म्हणून पट्टा घरापासून लांब आहे, आणि तिकडे हात घालायचा तर काठीने आधी हलवायचं असं नातवंडांना बजावलंय. ड्रिपर बोअरच्या क्षाराने दर पंधरा दिवसांनी बुजतो. नाना तो सुईने टोचतात, आणि सुई मामीच्या डब्यातली असते, त्यावरूनही एक वेगळं प्रकरण लिहिता येईल.

मार्चच्या शेवटी एके सकाळी थिरथिरा विटेवर नव्हता. वहीत "आज नाही" असं सलग पाच दिवस आहे, सहाव्या दिवशी ओळच नाही.

तोवर मामी काठीशिवाय चालायला लागली होती. नानांनी हौसेने तिची खुर्ची खोलीतून उचलून पेरूखाली ठेवली, म्हटलं आता जवळून बघ. तिने आठवडाभर बसून पाहिलं. बुलबुल भिंतीच्या पलीकडेच थांबायचे, सातभाई फिरकेनात, थाळी दिवसभर तशीच भरलेली. मग एका रविवारी मी गेले तर खुर्ची परत आत, जाळीपासून दोन फुटांवर, ट्यूब बंद, आणि मामी कुजबुजत मला म्हणाली, "चप्पल वाजवू नकोस."